ओळ नंबर चौदा, दोरा काळा

बोंडं गळायला लागली तेव्हा सगळ्यांची चौकशी झाली. आधी जमिनीची. माती पिशव्यांत भरून जळगावला गेली आणि निर्दोष सुटून आली. मग पावसाची, पण अठ्ठ्याऐंशीचा पाऊस चांगला होता, त्याच्यावर बोट ठेवता येईना. मग फवारणीची, बियाण्याची, मावा-तुडतुड्यांची. सगळे सुटले. शेवटी उरल्या बावीस बाया.

फार्म चोपडा रस्त्याला होतं. तिथे संकरित कापसाचं बियाणं तयार व्हायचं. म्हणजे कागदावर साहेब तयार करायचे आणि शेतात बाया. कपाशीच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात राहतात, गुण्यागोविंदाने. संकर करायचा तर दुसऱ्या वाणाचा नर आणावा लागतो, आणि त्याआधी घरातला काढावा लागतो. म्हणून दुपारी दोनपासून सहापर्यंत बाया उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या, अंगठ्याच्या वाढवलेल्या नखाने कळी सोलायच्या आणि आतले केसर अलगद खरवडून टाकायच्या. जरा नख खोल गेलं की कळी मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या वाणाचं फूल त्या सोललेल्या कळीवर घासायचं, देठाला दोरा बांधायचा, की काम झालं. दहा दिवसांनी दोरे मोजायचे. बोंड धरलं की गळालं, ते तेव्हा कळायचं.

दुपारच्या कामाला फार्मवर 'नर काढणं' म्हणत. संध्याकाळी फाट्यावर कोणी विचारलं, काय वं, आज काय केलं, तर बेबाबाई सरळ तोंडाने सांगायची, "दोनशे नर काढले. एक घरी बाकी शे."

हे काम पुरुषांना का देत नाहीत, याचं उत्तर फार्मचे मुख्य, डॉक्टर भंगाळे साहेब, पाहुण्यांना दर वेळी देत. "निसर्गानेच बाईची बोटं नाजूक केली आहेत. शिवाय चिकाटी. ते आपल्याला जमणार नाही." पाहुणे माना डोलवत. द्रौपदाबाई तेव्हा वाकून काम करत असायची आणि आपल्या बोटांकडे बघायची. ही बोटं तीस वर्षं निंदणी, वेचणी, सरपण आणि शेणगोळे करून तयार झाली होती. निसर्गाचा त्यात हात असेल तर त्याने तो कधी दाखवला नव्हता.

द्रौपदाबाई सत्तेचाळीस वर्षांची, बायांची अक्का. चौथीपर्यंत शाळा झालेली, पुढचं सगळं खताच्या पोत्यांवरची अक्षरं वाचून वाढवलेलं. मुलाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून तिने एक वही केली होती. तीन हंगाम ती त्यात लिहीत होती: तारीख, फूल किती वाजता घासलं, शंभरात किती धरली. कोणी सांगितलं नव्हतं. तिला आवडायचं, एवढंच. जसं कोणाला रांगोळी आवडते.

त्या वहीत गेल्या वर्षापर्यंत बावन्न, एकोणपन्नास, पंचावन्न असे आकडे होते. या वर्षी तिशीवर आले. आणि का आले ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत बाया सातला यायच्या, नराच्या ओळीतली फुलं स्वतः खुडायच्या आणि आठला घासायला लागायच्या. या वर्षी साहेबांनी शिस्त आणली. नरफुलं आता रुपचंद आणि दोन गडी खुडायचे. रुपचंद म्हणजे फार्मचा सहायक. रजिस्टर काखेत धरूनच जन्मला असावा असा. फुलं ऑफिसात जायची, शंभर-शंभरच्या ढिगांत मोजली जायची, आणि साहेब जळगावहून दहाला आले की सही होऊन मग टोपल्या बायांच्या हाती पडायच्या. सातला आलेल्या बावीस बाया तीन तास बांधावर बसून सहीची वाट बघायच्या. तोवर ऊन खांद्यावर आलेलं असायचं.

द्रौपदाबाईची परीक्षा साधी होती. फूल अंगठ्याच्या नखावर घासायचं. पिवळी भुकटी चिकटली तर जिवंत, फुंकर मारल्यावर उडून गेली तर मेलेली. दहाच्या पुढे निम्मी उडायची.

"रुपचंदभाऊ," ती म्हणाली होती, "फुलं बसून बसून वाळतात. साहेबांना सांगा."

"सांगतो वर," रुपचंद म्हणाला होता. पण त्याचं 'वर' म्हणजे नेमकं कुठे, ते आजवर कोणाला कळलेलं नव्हतं.

सप्टेंबराच्या मध्याला साहेबांनी सगळ्या बायांना कडुनिंबाखाली बसवलं. भंगाळे साहेब फैजपूरकडचे, केळीवाल्या घरातले, आणि माणूस पुरोगामी. कॉलेजात असताना अंगात येणाऱ्या बाईच्या अंगावर बादलीभर पाणी ओतून त्यांनी वर्तमानपत्रात नाव आणलं होतं.

"हे बघा," ते म्हणाले, "विटाळ वगैरे मी मानत नाही. ती अंधश्रद्धा आहे. माझ्या घरात कोणी बाजूला बसत नाही."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. साहेब आपणहून विटाळाचं नाव काढतात म्हणजे पुढे काहीतरी आहे.

"पण," साहेब म्हणाले, आणि ते होतंच, "एका परदेशी पुस्तकात मी वाचलं. बाईच्या शरीरात त्या चार दिवसांत एक द्रव्य तयार होतं. घामातून बोटांवर येतं. त्या हातांनी फूल धरलं तर ते लवकर कोमेजतं. हे शास्त्र आहे. आपण ते तपासून बघणार आहोत. वस्तुनिष्ठपणे."

म्हणजे घराच्या मागच्या दाराने हाकललेला विटाळ विलायतेला जाऊन, शिकूनसवरून, पुढच्या दाराने आत आला होता. द्रौपदाबाईला त्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. तिची त्याच्याशी दुहेरी सोयरीक होती. जन्माने चिकटलेला विटाळ तिच्या बापाने छपन्न साली नागपूरला जाऊन, दीक्षा घेऊन, तिकडेच सोडून दिला होता. महिन्याचा तीन वर्षांपूर्वी आपला आपण थांबला होता. तिला वाटलं होतं, सुटले दोन्हींतून.

योजना अशी होती. ज्या बाईला अडचण असेल तिने रुपचंदकडे सांगायचं. तिने त्या दिवसांत पांढऱ्याऐवजी काळा दोरा बांधायचा. आणि मिसळ होऊ नये म्हणून काळ्या दोऱ्याच्या बायांनी इतरांचं आटोपल्यावर, साडेअकराला, उरलेल्या फुलांनी काम करायचं. पंधरा दिवस. "आणि सिद्ध झालं," साहेब अगदी मायेने म्हणाले, "तर पुढे त्या दिवसांत तुम्हाला सक्तीची विश्रांती. घरी बसा. त्या दिवसांचा रोज मिळणार नाही अर्थात."

रुपचंद कानापर्यंत लाल झाला होता. रजिस्टरात त्याने नवा रकाना आखला होता आणि त्याच्या डोक्यावर फक्त 'अ.' लिहिलं होतं.

"द्रौपदाबाई," साहेब वळले, "तुमचं ते थांबलंय ना? मग तुमची ओळ नंबर नऊ ही प्रमाण ओळ. सगळ्यांची तुलना तुमच्याशी. तुमच्यात कसला चढउतार नाही. तुम्ही पूर्ण वस्तुनिष्ठ."

साहेब गेल्यावर बेबाबाईने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पतिनिष्ठ ऐकेल शे. हाई वस्तुनिष्ठ काय शे, अक्का?"

"माले काय माहीत."

"मी सांगू? आधी बाई व्हती. आते वस्तू."

सगळ्या हसल्या. पुष्पाबाई हसली नाही.

पुष्पाबाई सव्वीस वर्षांची, दोन पोरींची आई, चौदा नंबरच्या ओळीची. गेल्या वर्षी गावात कुटुंबनियोजनाचं शिबिर झालं तेव्हा तिला तांबी बसवली होती. ती बसवताना त्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, काही होत नाही, सगळ्या बायांना चालते. त्यांच्या कागदावर ती बहुधा चालतही असेल. पुष्पाबाईला मात्र तेव्हापासून महिन्यातले बारा-बारा दिवस जात. ती दोनदा दवाखान्यात जाऊन आली. 'मनाला लावून घेऊ नका' असं सांगून तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. नवरा सुरतेला गेलेला. त्याची चिठ्ठी यायची, तो यायचा नाही.

"माले बारा दिन जातस, अक्का," बांधावर दोघीच राहिल्यावर ती म्हणाली. "चार नही. हाई सिद्ध व्हयनं तं माले काम कोण देई? निम्मा महिना घर बसू?"

"सांगू नको ना मग."

"अन् कपडाले डाग पडना तं? रुपचंदभाऊ देखी."

द्रौपदाबाईने मान वळवून नऊ नंबरच्या ओळीकडे पाहिलं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिला प्रमाण म्हटलं होतं. खोटं कशाला बोला, तिला ते जरा आवडलंही होतं. घरी जाऊन सुनेला सांगायचं असंही तिने ठरवलं होतं. आता ते सगळं गिळून ती म्हणाली, "तुन्ही ओळ माले दे. मन्ही तू ले."

रुपचंदला फसवणं म्हणजे काही पाप नव्हतं, इतकं ते सोपं होतं. उन्हासाठी बाया साडीवर नवऱ्याचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत, डोक्यावरून पदर, पदरावरून फडकं, नाकापर्यंत. वाकल्यावर बावीस पाठी. रुपचंदने बायांकडे वर मान करून कधी पाहिलं नव्हतं, सभ्य माणूस. तो बायांना ओळींच्या नंबराने ओळखायचा. नऊमध्ये वाकलेली ती द्रौपदाबाई, चौदामध्ये वाकलेली ती पुष्पाबाई. रजिस्टराच्या दृष्टीने बाईची जागा बदलली की बाईच बदलते.

तर पुष्पाबाईने नियमाप्रमाणे जाऊन सांगितलं, की अडचण आहे. रुपचंदने मान खाली घालून 'ओळ नंबर चौदा, दोरा काळा' लिहिलं. आणि मग ती नऊ नंबरात गेली, पांढरा दोरा घेऊन, प्रमाण ओळीत, दहा वाजता. द्रौपदाबाई इतर काळ्या दोऱ्यावाल्यांबरोबर कडुनिंबाखाली साडेअकरापर्यंत बसली आणि मग चौदामध्ये उतरली. दुपारी नर काढतानाही ओळी तशाच बदललेल्या. बारा दिवस.

साडेअकराच्या उन्हात टोपलीतली फुलं मलूल पडलेली असायची. द्रौपदाबाई ती नखावर घासायची, फुंकर मारायची, उडून जाणारी भुकटी बघायची आणि तरीही कळीवर घासून काळा दोरा बांधायची. आतापर्यंत तिने जाणूनबुजून वाया जाणारं काम कधी केलं नव्हतं. प्रत्येक गाठीला तिचे हात कुरकुरत. रोज संध्याकाळी मात्र ती वहीत सगळं लिहायची: कोण, कुठे, किती वाजता.

ऑक्टोबराच्या सुरुवातीला दोरे मोजले. पांढरे, शंभरात एकतीस धरले. काळे, शंभरात बारा.

साहेबांनी रुपचंदकडून दोनदा बेरीज करून घेतली आणि मग खुर्चीत मागे रेलले. दिवाळीआधी धुळ्याला शेतीशास्त्रज्ञांचा परिसंवाद होता. इतकी वर्षं ते तिथे तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत आले होते. या वर्षी ते निबंध वाचणार होते. शिवाय प्रमाण ओळ, ओळ नंबर नऊ, सगळ्यांत वरचढ होती: शंभरात चौतीस. "बघा," ते रुपचंदला म्हणाले, "चढउतार नसलेलं शरीर. याला म्हणतात पुरावा."

सोमवारपासून काळ्या दोऱ्याच्या बायांनी घरी राहायचं, असा कागद फळ्यावर लागला. तो वाचून दाखवायचं काम द्रौपदाबाईकडेच आलं, कारण बायांत वाचणारी तीच. तिने वाचून दाखवलं, पदराने तोंड पुसलं आणि वही घेऊन ऑफिसात गेली.

"साहेब, एक सांगायचंय. चौदा नंबरात बारा दिवस मी होते."

साहेबांनी चष्मा वर केला. "कुठे?"

"चौदा नंबरात. काळा दोरा मी बांधला. नऊमध्ये पुष्पा होती."

रुपचंदने रजिस्टर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यात तर तसं लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे..." साहेब सावकाश म्हणाले, "प्रमाण ओळीत..."

"पुष्पा. तिला पूर्ण बारा दिवस अडचण होती. चौतीस धरली तिची. माझं सगळं थांबून तीन वर्षं झाली, माझी अकरा धरली."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही प्रयोग बिघडवलात," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो पार बसला होता. "माझा महिना वाया घालवलात. याला फसवणूक म्हणतात, बाई. कामावरून काढू शकतो मी तुम्हाला. दोघींना."

द्रौपदाबाईने वहीचं पान उघडलं. "काढा साहेब. पण बिघडला कसा? हात बदलले, वेळ तीच ठेवली. दहाची फुलं धरली, साडेअकराची गळाली. तुम्हाला बाया तपासायच्या होत्या, फुलं तपासली गेली."

"तुम्ही सांगता म्हणून मी मानायचं? तोंडी?"

"नका मानू." तिने वही टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली. "पण धुळ्याला कोणी विचारलं, की त्या बायांना अडचण होती हे कशावरून, तर तुम्ही काय सांगणार? तेही तोंडीच. बायांनी सांगितलं, रुपचंदभाऊंनी मान खाली घालून लिहिलं. पाहिलं कोणी?"

रुपचंदला एकदम ठसका लागला. साहेबांच्या चेहऱ्यावर धुळ्याची पहिली रांग दिसायला लागली: त्यांचे जुने गुरुजी, दोन जानी दुश्मन, आणि हात वर करून प्रश्न विचारायची सवय असलेला एक निवृत्त माणूस.

"मग करायचं काय?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी फार्मवरच्या कोणत्याही बाईला आजवर विचारला नव्हता. बहुधा त्यांनी तो स्वतःलाच विचारला असावा, पण उत्तर द्रौपदाबाईने दिलं.

"तुम्ही करून बघा. तुम्हाला तर काही चढउतार नाही. वीस कळ्या आठला, वीस साडेअकराला. माणूस एकच, वेळ दोन."

आता हे मानावं लागेल, की भंगाळे साहेब वाईट माणूस नव्हते. आणि शास्त्रज्ञ होते, थोडे का होईना. ते दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच ओळीत उतरले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला रुमाल. नखं दर रविवारी कापलेली, म्हणून लॅबमधला चिमटा घेऊन. पहिल्या नऊ कळ्या चिमट्यात मेल्या. दहावीपाशी त्यांची कंबर धरली. बावीस बाया आपापल्या ओळीत इतक्या मन लावून कामाला लागल्या, की शेतात चिटपाखरू बोलत नव्हतं.

"साहेब, नख हवं," शेवटी द्रौपदाबाई शेजारच्या ओळीतून म्हणाली. "द्या ती कळी. हे बघा, इथून. दाबायचं नाही. आतून गोळीएवढं हिरवं दिसतं ना, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. तेच पुढे बोंड होतं."

"माहीत आहे मला. शिकवतो मी हे," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "पुन्हा दाखवा."

चाळीस कळ्यांना त्यांना चार तास लागले. बाई तेवढ्या वेळात दोनशे करायची. दुसऱ्या दिवशी ते आठला हजर होते, पहिल्यांदाच. नराच्या ओळीतली फुलं स्वतः खुडून त्यांनी वीस कळ्यांवर घासली, पांढरा दोरा बांधला. मग ऑफिसात जाऊन बसले. साडेअकराला टोपलीतली उरलेली फुलं घेऊन पुन्हा आले, उरलेल्या वीस कळ्यांवर घासली आणि रुपचंदला म्हणाले, "आता?"

"साहेब, नियमाप्रमाणे..." रुपचंद चाचरला. "साडेअकराची... काळा."

साहेबांनी काळा दोरा बांधला. वीस वेळा.

दहा दिवसांनी मोजणी झाली. आठची वीसपैकी नऊ धरली. नवशिक्याच्या मानाने छान. साडेअकराची वीसपैकी दोन. रुपचंदने आकडे रजिस्टरात भरले आणि सवयीने पुढच्या रकान्यात गेला, 'अ.'च्या. तिथे पेन अडलं. ही गोष्ट बायांपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण जेवणाच्या सुट्टीत बेबाबाई भाकरीचा तुकडा मोडता मोडता शांतपणे म्हणाली, "आते समजनं. साहेबले अडचण शे."

पुष्पाबाई हसली. इतकी हसली, की तिला ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

पण काम संपलं नव्हतं. साहेबांचा निबंध अजून व्हायचा होता आणि वीस-वीस कळ्यांवर धुळ्यात कोणी टाळ्या वाजवणार नव्हतं. त्यांना तीन हंगामांचे आकडे हवे होते, वेळेसकट. फार्मच्या रजिस्टरात आकडे होते, वेळ नव्हती. तो रकाना कोणी आखलाच नव्हता. वेळ होती ती जुन्या पानांच्या वहीत. साहेबांनी द्रौपदाबाईला बोलावलं, खुर्ची दिली आणि वही मागितली.

रुपचंद मजकूर उतरवत होता. त्याचं अक्षर मोठं, पोत्यावरच्यासारखं. द्रौपदाबाईने खुर्चीतूनच वाचलं, ओठ हलवत: स्त्री मजुरांच्या सवयीच्या दिरंगाईमुळे परागीकरणास विलंब होतो व त्यामुळे बोंडगळ वाढते, असे आढळून आले.

"कोणाला आढळून आलं?" तिने विचारलं.

"ती पद्धत आहे," साहेब म्हणाले. "शास्त्रात असंच लिहितात. मी, तू, तो, असा माणूस मध्ये आणायचा नाही. निष्कर्ष कोणाचाच नसतो."

"मग बाया का आणल्या?"

"म्हणजे?"

"आढळलं ते कोणालाच नाही, आणि उशीर झाला तो बायांमुळे. चांगलं झालं तिथे माणूस नाही, वाईट झालं तिथे बरोबर बाई." ती वहीवरून हात फिरवत होती. "आम्ही सातलाच येतो, साहेब. फुलं तुमच्या टेबलावर दहापर्यंत बसतात."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"फुलं टेबलावर बसतात असं कसं लिहिणार निबंधात," ते अखेर म्हणाले.

"ते तुम्हीच बघा. शिकलेले तुम्ही." द्रौपदाबाई उठली आणि वही काखेत धरली. "पण बाया त्या वाक्यात राहिल्या तर वही घरी राहील. आणि फळ्यावरचा तो कागद काढून टाका. काळा दोरा बंद. कोणी कोणाला काही विचारायचं नाही, कोणी काही सांगायचं नाही. पुष्पाही रोज येईल."

"तुमचं नाव आभारात घालतो की," साहेब म्हणाले. ते खरंच द्यायला तयार होते, आणि तेवढंच त्यांच्याकडे होतं.

"आभार राहू द्या. रजिस्टरात वेळेचा रकाना आखा."

रुपचंदने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेन घेतलं आणि 'स्त्री मजुरांच्या सवयीच्या दिरंगाईमुळे' यावर एक रेघ मारली. वर लिहिलं, 'प्रशासकीय कारणांमुळे'. म्हणजे पुन्हा कोणामुळेच नाही. द्रौपदाबाईने ते दोनदा वाचलं. साहेबांना एवढी कळ सोसवेल, याहून जास्त नाही, हे तिला दिसत होतं. तिने वही टेबलावर ठेवली.

"उतरवून झाली की परत द्या," ती रुपचंदला म्हणाली. "पानं मोजून दिली आहेत."

धुळ्याला निबंध चांगला झाला, असं रुपचंदने येऊन सांगितलं. टाळ्या झाल्या. निवृत्त माणसाने प्रश्न विचारला, की इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कशी आली नाही. साहेब म्हणाले, काटेकोर निरीक्षणाची आपल्याकडे परंपरा नाही.

"खरं शे," बेबाबाई म्हणाली, आणि पुढच्या कळीकडे वळली.

तोवर हंगामाचा शेवटचा आठवडा उरला होता. बाया पुन्हा सातला नराच्या ओळीत शिरत आणि आठला घासायला लागत. फळ्यावर नुसत्या टाचण्या राहिल्या होत्या. पुष्पाबाई चौदा नंबरात होती, तिचा नववा दिवस होता. दुपारच्या सुट्टीनंतर द्रौपदाबाई तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार होती, ती तांबी काढायला लावायला. तिथले डॉक्टर काय म्हणतील ते तिला साधारण पाठ होतं, आणि काय उत्तर द्यायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

"दुखतं का वं?" तिने शेजारून विचारलं.

"थोडं." पुष्पाबाईने फूल नखावर घासून पाहिलं. पिवळं चिकटलं. "बसू का घटकाभर, अक्का?"

"बस. तुन्ही वीस मी करस."

पुष्पाबाई बांधाला टेकून बसली, पाय लांब करून, चारचौघींच्या देखत. रुपचंद तिकडून रजिस्टर घेऊन आला, तिला बसलेली पाहिलं, घड्याळात पाहिलं, वेळ लिहिली आणि पुढे गेला.